डबा रिकामा परत करायचा नसतो

"एकटी म्हणजे कुणाकुणाबरोबर?" ह्यांनी मला विचारलं.

हे म्हणजे माझे यजमान. सगळी नोकरी वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात गोण्यांच्या थप्प्या बघण्यात गेली, त्यामुळे एखादी गोष्ट एकच नग असू शकते हे त्यांना अजून पटत नाही. मी म्हटलं, एकटी म्हणजे एकटी. डेन्मार्कला. दहा दिवस. त्यांनी टीव्हीचा आवाज बारीक केला, माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि हळूच विचारलं, डॉक्टरांना एकदा दाखवून घ्यायचं का?

डेन्मार्कच का, ते सांगते, नाहीतर तुम्हालाही वाटेल की बाईला वारं लागलंय. मी तीस वर्षं न्हावा शेवा बंदराजवळ एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात कागदपत्रं केली. माल कुणाचा, कंटेनर कितवा, कुठल्या बंदरात उतरणार, हे सगळं भरायचं माझं काम. एक पार्टी काळ्या ग्रॅनाइटचे चकचकीत दगड पाठवायची, तिकडच्या थडग्यांसाठी. ते जायचे आरहूस नावाच्या बंदरात. दर महिन्याला मी 'आरहूस, डेन्मार्क' असं टाइप करायचे आणि खिडकीतून धुळीनं पांढरी पडलेली झाडं आणि उभे ट्रेलर बघायचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत मी बरोबरच्या मुलींना म्हटलं, बायांनो, आपल्यापेक्षा हे दगड बरे, परदेशात तरी जातात. त्या हसल्या. मी पण हसले. पण त्या दिवशी मनात काहीतरी बसलं ते बसलंच.

पुढे नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. पहिल्यांदा ठरवलं तेव्हा मुलीची बारावी आली. दुसऱ्यांदा ह्यांच्या छातीत दुखलं आणि दोन स्टेंट बसले. तिसऱ्यांदा पासपोर्ट हातात होता आणि सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या. खुबा मोडला. त्या सहा वर्षं अंथरुणावर होत्या, मी त्यांचं सगळं केलं, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. म्हणजे आहे, पण त्यांच्याबद्दल नाही. त्या गेल्या, मी रिटायर झाले, आणि एका सकाळी ह्यांचा पहिला चहा, दुसरा चहा आणि अकराचं ताक झाल्यावर मी व्हिसाचा फॉर्म भरायला बसले. फॉर्म भरणं हे मला कुणी शिकवायला नको होतं.

मला तिकडे बघायचं होतं हे खरं, पण त्याहून मोठी एक गोष्ट होती, ती मी फक्त मुलीला सांगितली. ती पुण्याला असते. म्हटलं, दहा दिवस मी कुणासाठी काही करणार नाही. चूल पेटवणार नाही. ब्रेड खाईन, केळं खाईन, पण कुणाला विचारणार नाही की बाबा तुला काय वाढू. लग्नाआधी भावांचं केलं, लग्नानंतर सगळ्यांचं केलं. एकदा मला बघायचंय, नुसती मी म्हणजे किती असते.

मुलगी म्हणाली, "आई, चौथ्या दिवशी तू कुणाला तरी पोहे करून घालशील."

मला इतका राग आला की मी फोन ठेवला. ठरवलं, आता तर बघच.

निघायच्या आधी सोसायटीभर बातमी गेली. आमची सोसायटी सीवूड्सला, स्टेशनच्या मागे. समोरच्या दारात काकू राहतात. त्या इथल्या मूळच्या, आगरी. आमची बिल्डिंग उभी आहे ती जमीन त्यांच्या सासऱ्यांची खाचरं होती, त्यामुळे बिल्डिंगमधल्या कुणाचंही काहीही झालं तरी त्यांना ते आपल्या शेतात झाल्यासारखंच वाटतं. त्या आल्या, कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जा बिनधास्त. तुजा नवरा उपाशी नाय ऱ्हायचा. आमी हाव ना."

मी हसून मान डोलावली. पण खरं सांगते, मनात म्हटलं, आधी माझा डबा द्या. तीन होळ्यांमागे मी त्यांना पुरणपोळ्या दिल्या होत्या, माझ्या मोठ्या स्टीलच्या डब्यात. रुखवतातला डबा, झाकणावर ह्यांचं नाव कोरलेलं. तो गेला तो गेलाच. मागायचं कसं? डबा मागणं म्हणजे माणूस चोर आहे असं म्हणण्यासारखं. मग मी तीन वर्षं त्यांच्याशी गोड बोलायचे आणि आतल्या आत धुमसायचे. त्यांच्या दारावरून जाताना नजर आपोआप त्यांच्या स्वयंपाकघराकडे वळायची, कुठे दिसतो का बघायला.

जाऊबाईंनी कोपरखैरण्याहून खाऊ पाठवला. चिवडा, चकल्या, शेंगदाण्याची चटणी, अर्धा किलो भाजलेला रवा आणि बेसनाचे लाडू. लाडू मी काढून ठेवले. तिकडे दुधातुपाचं काही नेता येत नाही, आणि जन्मभर लोकांचे कागद तपासलेली बाई स्वतः लाडवापायी पकडली गेली असती तर बंदरावर तोंड दाखवायला जागा उरली नसती. जाऊबाई फुगल्या. रवा म्हणजे चूल आलीच, पण तो माझ्या नजरेतून सुटला. तो सुटला नसता तर पुढचं काही घडलं नसतं.

आरहूसला मी एका म्हातारीच्या घरात वरची खोली घेतली होती. खोलीला कोपऱ्यात छोटं स्वयंपाकघर. घरमालकीण शहात्तर वर्षांची, उंच, शिडशिडीत, पांढरे केस बारीक कापलेले, आणि माझ्यासारखीच इंग्रजी जपून बोलणारी. नवरा कधीच गेलेला. तिनं मला चावी दिली, गरम पाण्याचा नळ दाखवला आणि खाली निघून गेली. दार लावलं. मी पलंगावर बसले. बाहेर ऊन, आत शांतता. 'अगं' अशी हाक नाही, कुकरची शिट्टी नाही, वॉचमनचा इंटरकॉम नाही. मला इतकं बरं वाटलं की मी मोठ्यानं हसले आणि मग कुणी ऐकलं तर नाही ना म्हणून तोंडावर हात ठेवला.

तासाभरानं दार वाजलं. आजी उभी. हातात पांढरा प्लॅस्टिकचा डबा, निळ्या झाकणाचा. आत केकचे चार तुकडे, कसल्यातरी आंबट देठांचा केक, आपल्या अंबाडीच्या जवळपास जाणारी चव. तुम्ही दमला असाल, म्हणाली, आणि गेली.

केक मी दोन बैठकीत संपवला. डबा धुतला, पुसला, उन्हात ठेवला. आणि मग त्याच्याकडे बघत उभी राहिले.

रिकामा कसा द्यायचा?

तुम्ही आमच्याकडच्या असाल तर मला हे समजावून सांगायला नको. शेजारचा डबा रिकामा परत जात नाही. सासूबाई म्हणायच्या, घरात काही नसलं तर चिमूटभर साखर घाल, पण डबा रिकामा पाठवू नकोस, घराची लाज असते त्यात. मी साखरेचाही विचार केला. पण ह्या आजीला डब्याच्या तळाशी चिमूटभर साखर दिसली असती तर तिला वाटलं असतं, भारतातून सँपल आलंय. शेवटी जाऊबाईंचा चिवडा काढला. चूल कुठे पेटवतेय मी? नुसता चिवडा तर भरतेय. दुसऱ्या दिवशी सकाळी डबा नेऊन दिला.

आजीनं चिवड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आभार मानले. मी हिंडायला गेले. कालव्याच्या काठानं चालले, सायकली अंगावर येता येता वाचले. कॅफेच्या बाहेर बाळगाड्यांमध्ये बाळं झोपलेली आणि आया आत कॉफी पीत बसलेल्या. माझा जीव खालीवर. एका गाडीपाशी मी दहा मिनिटं पहारा देत उभी राहिले, शेवटी आतून त्याची आई माझ्याकडेच संशयानं बघायला लागली, तेव्हा निघाले.

तिसऱ्या दिवशी दारात डबा. आत स्ट्रॉबेरी.

चौथ्या दिवशी मी चकल्या दिल्या. संध्याकाळी डबा परत. आत काळा, दगडासारखा ब्रेड, कापून, त्यावर लोणी लावलेलं. मला वाटलं, काय हौशी बाई आहे. हिलाही आपल्यासारखंच आहे की. परदेशात असं माणूस भेटायला नशीब लागतं, वगैरे मी डायरीत लिहिलं सुद्धा.

पण माझ्याकडचं संपलं होतं. चिवडा संपला, चकल्या संपल्या. चटणी उरली होती, पण ती साताऱ्याच्या पद्धतीची, जळजळीत; म्हातारीला काही झालं तर निस्तरणार कोण? पिशवी उलटी केली आणि रवा निघाला.

पाचव्या दिवशी सकाळी आठ वाजता, ज्या बाईनं दहा दिवस चूल पेटवायची नाही अशी शपथ घेतली होती, ती डेन्मार्कच्या लोण्यात शिरा परतत उभी होती. वेलची नव्हती म्हणून वर हळहळत होती. नेमका तेव्हाच मुलीचा व्हिडिओ कॉल. मी फोन भिंतीकडे फिरवला. ती म्हणाली, आई, कसला आवाज येतोय? म्हटलं, समुद्राचा. ती म्हणाली, समुद्र परतल्यासारखा वाजतोय. मी पुन्हा फोन ठेवला.

शिरा देऊन आले आणि त्या दिवशी कुठेही गेले नाही. पलंगावर बसून स्वतःला शिव्या घातल्या. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, इथे तर सात समुद्र ओलांडूनही गेली नाही. मला कुणी सांगितलं होतं का? ह्यांनी? सासूबाईंनी? त्या तर स्वर्गात. मीच. मला खरंच वाईट वाटलं. तीस वर्षं ज्याची वाट बघितली त्या दहा दिवसांपैकी पाच मी एका प्लॅस्टिकच्या डब्याची चाकरी करण्यात घालवले होते.

सहाव्या दिवशी डबा आला. आत बिस्किटं. चांगली होती, पण एकसारखी गोल, कडेला छाप. संध्याकाळी उरलेल्या रव्याचा शिरा भरून डबा खाली देऊन आले.

सातव्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानात रव्यासारखं काहीतरी मिळतं का शोधत होते. होय, मी तेच करत होते. बिस्किटांच्या रांगेत आजी उभी. एका हातात पाकीट, दुसऱ्या हातात तो पांढरा डबा, आणि चेहरा असा, की मार्चअखेरीला आमच्या ऑफिसातल्या बाया आठवाव्यात. मला बघून तिनं पाकीट पाठीमागे लपवलं. मी माझ्या हातातली पिठाची पिशवी पाठीमागे लपवली. दोघी तशाच उभ्या.

मग ती मला बाहेर घेऊन गेली. दुकानाबाहेरच्या बाकावर बसली, मलाही बसवलं, आणि डबा मांडीवर ठेवून म्हणाली, "मला एक विचारायचंय. राग मानू नका. तुमच्या देशात हे थांबतं कधी?"

मी म्हटलं, "थांबत नाही."

तिनं डोळे मिटले. मग तिनं मला सगळं सांगितलं. तिला केक करायला अजिबात आवडत नाही. तो पहिला केक तिच्या बहिणीनं केलेला, उरला होता, तो तिनं सहज दिला. मी चिवडा दिला तेव्हा तिला वाटलं, ही रीत असेल. तिनं स्ट्रॉबेरी दिल्या, मी चकल्या दिल्या, आणि तेव्हापासून ती रोज सकाळी उठल्यावर पहिला विचार डब्याचा करत होती. काल तिनं पत्त्यांचा क्लब चुकवला. शिरा तिला फार आवडला, पण खाताना दडपण आलं, कारण त्याच्या तोडीचं काय द्यायचं तिला सुचेना.

"रिकामा दिला तर काय होतं?" तिनं विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. सासूबाईंना माहीत नव्हतं, त्यांच्या सासूबाईंनाही नसणार. कारण कुणी कधी करूनच बघितलं नव्हतं.

"मग करून बघू," ती म्हणाली, आणि डबा माझ्या मांडीवर ठेवला.

दुपारी मी डबा धुतला. पुसला. खाली गेले, दार वाजवलं आणि दोन्ही हातांनी तो पुढे केला. तिनं घेतला, झाकण उघडून आत बघितलं, एक नखभर काही शिल्लक नाही याची खात्री केली आणि गंभीरपणे मान हलवली. मग कपाट उघडलं, डबा वरच्या फळीवर ठेवला, कपाट लावलं.

आम्ही दोघींनी छताकडे बघितलं. ते जागेवर होतं.

उरलेले तीन दिवस मी कुणाचं काही केलं नाही. ब्रेड खाल्ला, केळं खाल्लं. एका दुपारी चर्चमागच्या दफनभूमीत गेले. हिरवीगार, बागेसारखी, आणि जागोजागी काळे चकचकीत दगड. ते आमच्याकडून आलेले होते की नाही देव जाणे, पण मी एकावर हात ठेवला आणि म्हटलं, पोचलास का रे बाबा. दुसऱ्या दिवशी बंदरासमोर जाऊन बसले. क्रेन होत्या, रंगीत कंटेनर होते, न्हावा शेवासारखंच सगळं, फक्त धूळ नव्हती. ज्या रकान्यात मी तीस वर्षं एकच नाव टाइप केलं त्याच्यासमोर मी स्वतः बसले होते. मला रडू आलं, आणि ते आवरायचं काही कारण नव्हतं, कारण माझ्याकडे बघणारं तिथे कुणी नव्हतं. भरपूर रडले. मग भूक लागली म्हणून आइस्क्रीम खाल्लं.

निघताना आजीनं मला काहीही दिलं नाही. मी तिला काहीही दिलं नाही. दारात दोघींनी रिकामे हात एकमेकींना दाखवले आणि इतक्या हसलो की टॅक्सीवाला खाली उतरून आला.

घरी आले. ह्यांचं वजन दोन किलोनं वाढलेलं. चेहऱ्यावर तेज. मला हाताला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेले, काहीतरी दाखवायचंय म्हणाले.

ओट्यावर तेरा डबे. स्टीलचे, प्लॅस्टिकचे, एक काचेचा. धुतलेले, पुसलेले, मोठ्यावर लहान, मार्केटात थप्पी लावावी तसे रचलेले. प्रत्येकावर फ्लॅट नंबरची चिठ्ठी. दहा दिवस अख्ख्या सोसायटीनं ह्यांना जेवू घातलं होतं. तिसऱ्या मजल्यावरून सांबार, तळमजल्यावरून पिठलं-भाकरी, समोरच्या काकूंकडून कोलंबी, एकदा बोंबील, पुन्हा कोलंबी.

"सगळे मी स्वतः घासलेत," हे अभिमानानं म्हणाले. "परत नाही केले. म्हटलं, तू आल्यावर काहीतरी करशील. रिकामे कसे द्यायचे?"

माझा हात बेसनाच्या डब्याकडे गेला. शप्पथ सांगते, गेला. तेरा डबे, डब्यात पाच म्हटलं तर पासष्ट लाडू, किलोभर बेसन आणावं लागेल, तूप आहे, इतका हिशेब होईपर्यंत मला भान नव्हतं. मग माझ्या डोळ्यांसमोर तो बाक आला, आणि मांडीवरचा डबा.

मी थप्पीतला काकूंचा डबा काढला. जसा होता तसा, रिकामा. हे म्हणाले, अगं, अगं. मी बाहेर पडून समोरची बेल वाजवली.

काकूंनी दार उघडलं. मला बघून हसल्या, डबा हातात घेतला, आणि सवयीनं जरा तोलून बघितला. हसू थांबलं. झाकण काढलं. आत बघितलं. मग माझ्याकडे.

"रिकामा हाय," त्या म्हणाल्या.

"हो," मी म्हटलं. माझे कान तापले होते. "नुसताच आणलाय, काकू. आता असाच आणणार."

त्या वळून आत गेल्या. कपाटाचा आवाज आला, भांडी सरकवल्याचा आवाज आला. मी उंबऱ्यावर उभी. वाटलं, झालं, संपलं, तीस वर्षांची शेजारीण घालवली.

त्या बाहेर आल्या तेव्हा हातात माझा मोठा डबा होता. झाकणावर ह्यांचं नाव. लखलखीत घासलेला.

"तीन वर्सं ठेवलाय," त्या म्हणाल्या. "एवढा मोठा डबा, त्यात भरू तरी काय? दर सनाला म्हनायची, या टायमाला काय तरी चांगलं करीन नि देईन. नाय झालं. मंग तोंड दाखवायची लाज वाटायची. तू गोड बोलायचीस, मना आजून मेल्यावानी व्हायचं."

मी डबा घेतला. उघडून बघितला. आत काहीच नव्हतं. तीन वर्षं मी ह्या बाईला चोर समजत होते आणि ही तीन वर्षं माझं तोंड चुकवत होती, ते एवढ्या रिकाम्या जागेसाठी. मला भरून आलं. त्यांनाही आलं असावं, कारण त्यांनी नाकाला पदर लावला आणि मला म्हणाल्या, जा आता, दमली असशील.

मी परत आले. हे दारातच उभे होते, काळजीत.

"काय दिलं त्यांनी?"

"काही नाही," मी म्हटलं, आणि उरलेले बारा डबे त्यांच्या हातात दिले. "चिठ्ठ्या आहेतच. तुम्ही देऊन या."